फूल लावलं, असं सांगायचो

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरीलाही नाही. बायकोच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी बशीत चहा ओतला, फुंकला, तिला पाजला. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "फूल लावलं का?" मी म्हणालो, "लावलं."

आता ऐक. इथं पांडेसऱ्यात, कापडमिलच्या वस्तीत, आमच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या ड्रमात, तिनं डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावला होता. गावाकडं, खानदेशात, पुढचं काम मधमाशाच करायच्या. इथं मिलच्या धुरानं म्हण, कशानं म्हण — माशी फिरकत नाही. नर फुलाची भुकटी मादी फुलाला लागली नाही, तर खालचं एवढंसं डांगर पिवळं पडून गळतं. आणि फूल उघडतं एकच सकाळ. ऊन चढलं की मिटलं. म्हणून ती लवकर वर जायची, नर फूल तोडून पाकळ्या काढायची, मादीच्या तोंडाला हळूच घासायची. यालाच ती फूल लावणं म्हणायची.

मग तिनं अंथरूण धरलं. काम माझ्याकडं आलं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या गच्चीवरून देविदास ओरडला, "काय बाबा, म्हातारपणी फुलांची लग्नं लावता का?" दोन बायका हसल्या. एवढंच. मिलमध्ये उकळत्या रंगाशी जन्म काढलेला माणूस मी — हसण्याला भ्यालो? हो, भ्यालोच. दुसऱ्या दिवसापासून वर जायचो, पाण्याच्या टाकीमागं बसून बिडी ओढायचो, खाली येऊन सांगायचो — लावलं.

डांगरं गळत राहिली. एकदा ती म्हणाली, "मी लायेल वेल धरत नही आते. मन्ही येळ उनी." आपण लावलेला वेल आता फळ धरत नाही, म्हणजे आपली वेळ आली, असं तिनं मनाशी धरलं. त्यानंतर गोळी दिली की तोंड फिरवायची.

तेव्हा तरी बोलायचं ना? वेलाचा दोष नाही, माझा आहे — एवढंच तर होतं. नाही बोललो. गोळ्या उशाशी ठेवल्या आणि वर जाऊन बिडी पेटवली.

त्या शेवटच्या दिवशी, सकाळी चहा पाजला त्याच संध्याकाळी, ती गेली. तेच खरं मानून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बायका तिला अंघोळ घालत होत्या. मी वर गेलो. एक मादी फूल उघडलं होतं. आधी शेजारची गच्ची बघितली. देविदास तिच्या तिरडीला बांबू आणायला गेला होता. कोणी नव्हतं.

तेव्हा मी फूल लावलं.