काकींच्या ट्रेवरची चिठ्ठी

कारखान्यात त्यांना सगळे घारकाकी म्हणायचे. इंजेक्शनच्या कुप्या तपासायच्या विभागात त्यांना बावीस वर्षं झाली होती. कुपी दिव्यासमोर धरायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्या पाटीसमोर बघायची, मग पांढऱ्या. आत काचेचा कण, केस, धागा, काहीही तरंगताना दिसलं की ती लाल ट्रेत. उरलेल्या जायच्या माणसांच्या शिरांत. हजारात चारेक कुप्या खराब निघायच्याच, आणि त्यातली एकही काकींच्या तावडीतून सुटायची नाही, म्हणून हे नाव.

विभागात आणखी चौघी होत्या, पण एकमेकींकडे पाठ करून बसणाऱ्या. बोलणं म्हणजे "सरका जरा" आणि "दिवा कोणी बंद केला?" एकीला जुळी झाली, हे शेजारच्या बाकावरचीला चार महिन्यांनी कळलं. तेही पेढ्यांशिवाय.

मग मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की माणसांनी मिळून समाजसेवा केली की कामातही एकी वाढते. कुठल्या तरी प्रशिक्षणात ऐकून आले असणार. असलं काही साहेब लोकांना आपणहून सुचत नाही. महिन्यातला एक शनिवार प्रत्येक विभागाने स्वेच्छेने सेवा करावी, न करणाऱ्याची नोंद होईल, असं फलकावर लागलं. अशी ती स्वेच्छा! या पाचजणींच्या वाट्याला वृद्धाश्रमाच्या खोल्या रंगवणं आलं. नाकं मुरडत गेल्या. पण नाकाला रंग लागलेली बाई समोर आली की हसू येतंच, आणि एकदा हसल्यावर गप्प कोण बसतं? दुपारपर्यंत एकमेकींची सासरं-माहेरं पाठ झाली.

संध्याकाळी काकींनी रंगवलेल्या भिंतीवर मध्येमध्ये हातभर कोरे पट्टे दिसले. ते दिसले अबोलीला. ही चौघींतली धाकटी. दिवसाला दहा शब्द बोलली तर खूप.

"काकी, इथे राहिलंय."

"कुठे गं?"

काकी भिंतीला नाक लावून शोधत राहिल्या. अबोलीने त्यांचा हात धरून कोऱ्या पट्ट्यावर ठेवला, आणि तेवढ्यानेच काकींचा बांध फुटला. तिथेच उलट्या बादलीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. डोळ्यांच्या आतला पडदा झिजत चालला होता. चष्म्याने भागण्यातलं नव्हतं. घरी नवरा मणका मोडून अंथरुणाला खिळलेला, आणि घर चालत होतं ते याच नोकरीवर.

"मग? आम्ही चौघी काय माशा मारायला आहोत?" जुळ्यांची आई म्हणाली.

सोमवारपासून ठरलं. आपापला ट्रे झाला की काकींचा ट्रे चौघींच्या हातांतून फिरवून तपासायचा, आणि वर तपासणारीची चिठ्ठी काकींच्या नावाची लावायची. डोळ्यांच्या वार्षिक तपासणीतला तक्ता त्यांनी काकींकडून शाळेतल्या पाढ्यांसारखा घोकून घेतला. दोन वर्षं हे चाललं. कोणी आजारी पडलं तर बाकीच्या तिचंही काम उरकत, जुळ्यांना ताप आला तर दोघी आळीपाळीने जाऊन बसत. साहेब भेटेल त्याला सांगत सुटले, "बघा, सेवेचा परिणाम!" आणि खरंच होता की. खोटं कशाला बोला?

एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही. बाकीच्यांचे ट्रे दोन डोळे बघत होते, काकींचा आठ. आपल्या माणसाचं काम म्हणून चौघी त्यात जीव ओतत होत्या. अधूनमधून एखादी चूक राहू द्यावी, हे त्या भाबड्यांना सुचलंच नाही. वर्षअखेरीला अख्ख्या कारखान्यात सगळ्यांत बिनचूक काम निघालं काकींचं. बक्षीस म्हणून त्यांना एकटीने तपासायची स्वतंत्र खोली मिळाली. बंद दार, एक दिवा, एक खुर्ची.

"मला नको, साहेब. मी आपली त्यांच्यातच बरी."

"काकी, किती साधेपणा तो!" साहेब म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

पहिल्या दिवशी काकींनी हजार कुप्या दिव्यासमोर धरल्या. एकीतही काही दिसलं नाही. संध्याकाळी लाल ट्रे रिकामा बघून साहेब खूश झाले. काकी मनाशी हिशोब करत होत्या. हजारात चार. त्या चार आता याच पांढऱ्या ट्रेत होत्या, आणि उद्या कोणाच्या तरी दंडात जाणार होत्या.

"साहेब, या सगळ्या पुन्हा बघून घ्या. मला दोन वर्षं नीट दिसत नाही."

साहेब आधी हसले. मग कुप्या पुन्हा तपासून घेतल्या. पाच खराब निघाल्या.

"मग दोन वर्षांचा माल? तो सगळा परत मागवू? की कोणाला लागला, ते शोधत फिरू?"

गप्प राहिलं तर रुग्णालयांतल्या चांगल्या औषधावर संशय. बोललं तर चौघींच्या गळ्याला फास.

"तो माल स्वच्छ आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चौघींनी बघितलाय. चिठ्ठी फक्त माझी होती."

खोटी चिठ्ठी म्हणजे खोटी नोंद, आणि त्याला नियमात एकच शिक्षा होती. साहेब वाईट माणूस नव्हते. कागद पुढे सरकवताना त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जणी फाटकाबाहेर होत्या.

"आमची नावं घ्यायलाच हवी होती का?" जुळ्यांची आई म्हणाली. ती आणि दुसऱ्या दोघी मागे न बघता चालू लागल्या.

अबोली तेवढी थांबली. हात धरून तिने काकींना रस्त्यापलीकडे नेलं. तिथे हात सोडला.

"पुढे पायरी आहे," ती म्हणाली, आणि त्या तिघींच्या मागे निघून गेली.

काकी बराच वेळ पाय पुढे करून पायरी चाचपत राहिल्या.