दोन भावांच्या पुण्यात एक भाऊबीज

वर्ध्याहून गाडी सुटली तेव्हा आईचं पितळी निरांजन माझ्या मांडीवर होतं. म्हणजे पिशवीत होतं, पण ती पिशवी मी काही सीटखाली सरकवली नाही. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "सोनं आहे का हो?" म्हटलं, पितळ आहे. त्यांचा रसच गेला, खिडकीबाहेर बघायला लागल्या.

निरांजन कशाला नेत होते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. माझा मुलगा कॉम्प्युटरवाला. दोन हजार साल उजाडलं की तिकडची यंत्रं गोंधळणार म्हणतात, ती आधीच दुरुस्त करून ठेवायला अमेरिकेत गेलाय. आता मलाही बोलावतोय. दिवाळी झाली की निघायचं. या वयात गेलेलं माणूस परत कधी येतं, येतं की नाही, कोणी सांगावं. म्हणून मनात आलं, जायच्या आधी एकदा दोन्ही भावांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळावं. एवढंच मागणं होतं माझं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड. दोघंही पुण्यातच तर आहेत. दादा शनिवार पेठेत, सरकारी नोकरीतून निवृत्त. बाळू कोथरूडला, कारखान्यात होता, आता तोही घरीच. पण दादा एका पक्षाचा आणि बाळू दुसऱ्याचा. पक्षांची नावं मी लिहीत नाही. लिहिली की तुम्ही लगेच एका भावाची बाजू घ्याल, आणि मग बाकीचं वाचणारच नाही.

मागे दिल्लीचं सरकार पडलं, ते दादाच्या पक्षाचं. पाडणाऱ्यांत बाळूचा पक्ष पुढे होता. त्या संध्याकाळी बाळूने गल्लीभर पेढे वाटले आणि एक पुडा थेट दादाच्या घरी पाठवला. दादाने तो न उघडता परत केला. झालं. तेव्हापासून दोघांच्या मधे मुठा नदी आहे, आणि तिच्यावर इतके पूल असून कोणी ओलांडत नाही.

पुणे स्टेशनला उतरले. फार वर्षांनी आले होते, ओळखू येईना. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा अजून ओल्या असल्यासारख्या, आणि त्यांच्यावरच कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या ठोकलेल्या. एका ठिकाणी "मत द्या" एवढंच उरलं होतं, खाली "सहा महिन्यांत प्रोग्रामर". रिक्षावाल्याला विचारलं, "काय हो, निवडणूक कशी झाली?"

"झाली की. पुढच्या वर्षी परत होईल. तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा."

दादाकडे पोचले तर दारावर पाटी: "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही." दादा मूळचा वर्ध्याचा, पण पुण्याने त्याला पुरता रंगवलाय. वहिनींनी चहा टाकला. कोथिंबीर संपली म्हणून मीच खाली उतरले आणि सवयीने सांबार मागितला (आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, ते तिकडे चालत नाही). भाजीवाला मान वर न करता म्हणाला, "समोर उडप्याचं हॉटेल आहे."

जेवताना मी विषय काढला. दादा म्हणाला, "सुमे, तू सांगशील तिथे येतो. त्याच्या घरात पाऊल ठेवणार नाही."

"मग त्याला इथे बोलावू?"

"त्याला यायला कोणी अडवलंय? पेढे यायची वाट त्याला ठाऊक आहेच."

दुसऱ्या दिवशी बसने कोथरूडला गेले. तिथे जिकडेतिकडे सोसायट्या, स्कूटरींची रांग, प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील. बाळूचं छोटं बैठं घर त्या इमारतींच्या मधे अंग चोरून उभं आहे. फाटकावर पक्षाचा झेंडा, उन्हाने विटलेला. बाळूने मिठीच मारली. मग दादाचं नाव निघालं आणि हात मागे घेतला.

"ताई, त्याच्याकडे मी जाणार नाही. देश अस्थिर केला आमच्या पक्षाने, असं चार लोकांत बोलतो तो. अस्थिर कोणी केला ते जग जाणतं."

"जगाचं राहू दे. मला फक्त दोन पाट मांडायचेत."

"मग त्याला सांग, इकडे ये."

बाळूच्या घरावर एक खोली आहे, तिला बाहेरून लोखंडी जिना. तिथे दानियल नावाचा विद्यार्थी भाड्याने राहतो. आफ्रिकेतल्या एका देशातला. उंच, हसरा, बी.कॉम. करतो. देशाचं नाव लिहू नका म्हणाला. म्हटलं, अरे, तिकडे मराठी कोण वाचतंय? तरी नको म्हणाला, आणि म्हणताना हसला नाही, म्हणून लिहीत नाही. बाळूच्या मुलांचं ऐकून तोही मला आत्या म्हणायला लागला.

मी जिन्याच्या पायरीवर बसून अनरशांचं पीठ मळत होते. त्याने विचारलं, "आत्या, काका और बडे काका बात क्यों नहीं करते?"

मी पेढ्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. सगळे हसतात. तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आमच्याकडे पण पहिले मिठाईच वाटली."

मग थोडं थोडं सांगितलं. त्याचे वडील एका पक्षात, काका दुसऱ्यात. एकाचं सरकार पडलं, दुसऱ्याचं आलं, तेही पडलं. प्रत्येक वेळी कोणीतरी गाणी म्हटली. मग एकदा शाळा बंद झाल्या, मग बँका, मग रस्ते. त्याचा मोठा भाऊ सॅम्युएल काकांच्या बाजूला गेला. उन्हाळ्यापासून घरून फोन नाही. तो रोज कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी टपरीत जाऊन नंबर फिरवतो. टपरीवाला आता त्याच्याकडून पैसेही घेत नाही, म्हणतो लागला तर बघू.

पीठ मळता मळता माझी नजर त्या जिन्यावर गेली. बाहेरून आहे. बाळूच्या घरात पाऊल न ठेवता वर जाता येतं. खोली दानियलची, म्हणजे ना दादाच्या पक्षाची, ना बाळूच्या. म्हटलं, "दानियल, भाऊबीजेला तुझी खोली देशील का रे?"

"जरूर, आत्या. पण झाडावी लागेल."

दादाला फोन केला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जिना नक्की बाहेरून आहे?" बाळू म्हणाला, "माझ्याच घरात मी भाडेकरूकडे जायचं?" पण हसला. हसला म्हणजे आला असं मी धरलं.

भाऊबीजेला दोन्ही वहिनी आपापल्या भावांकडे गेल्या होत्या. मी दुपारपासून तयारी केली. खोली झाडली, दोन पाट मांडले, भोवती रांगोळी घातली. दानियलने पुस्तकं कॉटखाली सरकवली. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि मधे आईचं निरांजन. ऊन उतरताना दादा रिक्षातून उतरला. फाटकावरचा झेंडा त्याने पाहिला नाही, म्हणजे न पाहण्याचं फार नीट केलं. जिन्याचा कठडा धरून सावकाश वर आला. बाळू मागोमाग. दादाला गुडघ्याचा त्रास आहे, शेवटच्या पायरीवर तो अडखळला आणि बाळूने मागून कमरेला हात लावला.  मला वाटलं, जमलं.

बसले शेजारी. दोघांच्या डोक्यावर टोप्या. बाजूने बघितलं तर दोघांचं नाक एकसारखं, आमच्या बाबांचं. मी दादाला कुंकू लावलं, मग बाळूला. वात पेटवायला काडी ओढली, ती विझली, दुसरी काढली. तेवढ्या वेळात दादाने, चांगुलपणानेच हो, दानियलकडे बघून विचारलं, "तुमच्याकडे कसं काय आता? शांत आहे का?"

दानियल म्हणाला, "नाही, काका. सरकार टिकत नाही."

"टिकणार कसं," दादा म्हणाला. "पाय ओढणारे असले की असंच होतं. स्वतःचं जमत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाहीत."

बाळू पाटावरच वळला. "पाय ओढणारे? सगळं एकाच माणसाच्या हातात दिलं की देश बुडतो. विचार त्यालाच. एकाच माणसामुळे झालं ना रे?"

दादाच मधे म्हणाला, "असं एका माणसामुळे होत नसतं. पाठिंबा काढून घेणाऱ्यांमुळे होतं."

"पाठिंबा काय फुकट देतात? हिशेब मागितला की गद्दार."

"गद्दार मी नाही म्हटलं. तू म्हटलंस. लागलं वाटतं कुठेतरी."

वात पेटली होती. मी तबक उचलून उभी होते. म्हणत होते, अरे, आधी ओवाळून घेऊ द्या, मग भांडा हवं तेवढं. पण ते दानियलच्या देशाचा निकाल लावत होते. त्या देशाची राजधानी दोघांनाही ठाऊक नसेल. तिथे कोण आधी चुकलं, कोणाच्या पक्षासारखा कोणता पक्ष, सगळं ठरत होतं. दानियल कॉटच्या कडेला बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मग हळूच उठून बाहेर गच्चीवर गेला. घरचे कसे आहेत, हे त्याला दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आणि मग एक पाट रिकामा झाला, आणि लगेच दुसरा. दादा जिना उतरला, कठडा धरून, एकटाच. बाळू पंपाचं बटण बघायचंय असं काहीतरी म्हणत मागच्या बाजूला गेला. रांगोळी पुसली गेली होती, दोन्हीकडून.

मी तबक घेऊन गच्चीवर आले. चांदणी चौकाच्या बाजूला आभाळ अजून तांबूस होतं. दानियल म्हणाला, "सॉरी आत्या. माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे काही नाही झालं, बाळा."

दिव्याकडे बघून त्याने विचारलं, "आता याचं काय?"

म्हटलं, "जिला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते."

"पण तुम्हाला तर दोन आहेत."

 द्वितीयेची कोर इमारतींच्या वर दिसत होती, नखाएवढी. ती लवकर मावळते, थांबून चालत नाही. वारा होता, दानियलने दोन्ही तळवे निरांजनाच्या आड धरले. मी ओवाळलं. दादाचं नाव घेतलं, बाळूचं घेतलं, सॅम्युएलचं घेतलं. भावाचं नाव ऐकून दानियलने तळवे आणखी जवळ आणले, दिवा विझू दिला नाही त्याने.

परतीच्या गाडीला दादा सोडायला आला. वहिनींनी डबा दिला होता, तो त्याने माझ्या शेजारी नीट ठेवला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "सुमे, तू समोर होतीस. आधी कोण उठलं, ते सांग."

म्हटलं, "गाडी सुटेल दादा, बाजूला हो."

तो गेला. पुस्तकांच्या स्टॉलमागून बाळू आला, तो गेलेला बघूनच. हातात बाकरवडीचं पाकीट. ते खिडकीतून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताई, खरं सांग. आधी कोण उठलं?"

गाडी हलली म्हणून बरं झालं. दौंडपर्यंत मी डोळे मिटून बसले होते.

खरं सांगायचं तर मला दिसलं होतं. मी समोरच होते, दिवा हातात होता. पण सांगितलं असतं तर एकाने पेढे वाटले असते आणि दुसऱ्याने पुडा परत केला असता. वर्तमानपत्रात रोज येतं, अमका देश कोणी बुडवला, तमकं सरकार कोणी पाडलं. मीही वाचायची, आणि माझं मत असायचं. आता मत देताना जीभ अडखळते. दोघंही वाईट नाहीत हो माझे. दोघंही देशाची काळजी करतात, झोप उडेपर्यंत करतात. दिव्याचं पुढे काय झालं, एवढं मात्र दोघांनीही विचारलं नाही.

घरी आले तर शेजारच्या काकू दारातच होत्या. "काय हो, झालं का ओवाळून दोघांना?"

"झालं," म्हटलं, आणि निरांजन घासायला घेतलं.