हुरड्यासाठी निवडलेल्या तीन पांढऱ्या वाइन

रविवारी सकाळी सातला नांदेड सोडलं. गाडीत मी एकटा, मागच्या सीटवर बर्फासाठी थर्माकोलचा डबा. कॉलेजात आम्ही चौघं लातूरला एकत्र होतो. सुधीर, मकरंद आणि विद्या पुढे पुण्याला गेले, मी नोकरीनिमित्त नांदेडला राहिलो. दर थंडीत शिरूर अनंतपाळजवळ ज्ञानोबामामांच्या शेतावर हुरड्याला जमायचं ठरलेलं. मामा म्हणजे आमच्या लातूरच्या मेसचे मालक. गेली दोन वर्षं हे जमणं रद्द झालं होतं. यंदा तिघांनीही ग्रुपवर 'नक्की' लिहिलं, आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला. यंदाही फिसकटलं तर पुन्हा कुणी विषय काढणार नाही, हेही कळत होतं.

वाइन आणायचं काम माझं. थंडीत लाल प्यावी म्हणतात. म्हणोत बापडे! आपल्याकडची थंडी सकाळपुरती, दुपारी ऊन चटकतं, आणि हुरड्यासोबत लसणाची चटणी असते. त्या तिखटापुढे लाल वाइन तोंडात कडू होते. इथं पांढरीच हवी.

लोह्याला चहा घेतला. तिथंच सुधीरचा मेसेज आला: 'सॉरी यार, मुलाची परीक्षा.' मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

पुढे अहमदपूर, चाकूर करत दहाच्या सुमारास लातूर. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. दुकानाच्या पाटीवर 'वाइन शॉप' असलं तरी आत वाइनला एकच फळी होती, तीही थेट उन्हात. मालकांनी धूळ पुसून चहाच्या रंगाची एक बाटली पुढे केली.

"ही घ्या सायेब. पाच वर्सं जुनी हाय. जितकी जुनी तितकी भारी."

"मालक, हे लोणचं नाही. साधी पांढरी वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते. रंग बघा, पार उतरलाय."

"आता काय करू मग? मी तर मुद्दाम ठिवली व्हती की!"

बिचाऱ्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच आतल्या खोलीतलं खोकं उघडून ताज्या बाटल्या दाखवल्या. तुम्ही घेणार असाल तर लेबलवरचं साल आधी बघा. मी तीन घेतल्या, प्रत्येकी हजाराच्या आतल्या. तिखट चटणीशी जुळणारी गोडसर शेनिन ब्लाँ सुधीरची. वांग्याच्या भरतासाठी लाकडी पिंपात मुरलेली शार्डोने मकरंदची. आणि नुसत्या कोवळ्या हुरड्यासोबत सोव्हिन्यों ब्लाँ, आंबटसर, हिरव्या वासाची, ती विद्याची. सुधीर येणार नव्हता तरी त्याची घेतलीच. मन मानेना.

बर्फ घेऊन गाडीत बसतो तोच मकरंदचा फोन. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. कारण खरंच होतं, त्यामुळे रागावताही येईना.

तासाभरात शेत गाठलं. मामांनी आगटी पेटवून ठेवली होती, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजत होती. चौघांसाठी चार पाट मांडलेले.

"बाकीचे कुटं राह्यले रे सतीश?"

"विद्या येतेय, मामा."

बारा वाजले, एक वाजला. शेवटी मीच फोन लावला. ती अजून पुण्यातच होती. "अरे, फारच दमले होते रे. पुढच्या वर्षी नक्की हं!"

मामांनी तीन पाट उचलले. गरम कणसं तळहातावर चोळून ते माझ्यापुढे हुरडा टाकत राहिले. दही, गूळ, चटणी, सगळं होतं. चवीला नाव ठेवायला जागा नव्हती, तरी मी दोन घासांवरच थांबलो. मामांना माझ्या बाटल्यांचं भारी कुतूहल. कुणाची कोणती ते मी सांगितलं.

"अन् तुजी रं?"

मी तिन्ही बाटल्या पुन्हा बर्फात ठेवल्या. माझी अशी कुठली नव्हतीच. इतक्या वर्षांत तिघांच्या आवडी पाठ केल्या, स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

परत गाडी चालवायची होती, म्हणून तिथं काही उघडलं नाही. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो, मामींनी बांधून दिलेला हुरडा तव्यावर गरम केला आणि सोव्हिन्यों उघडली. फार गार करू नका, गारठ्यानं वास दबतो. पहिल्या घोटालाच शेतातला कोवळा वास आला. मला ती मनापासून आवडली. राहवेना, विद्याला फोन केला. "तुझीच बाटली उघडलीय. काय सुंदर आहे!"

"सतीश, वाइन सोडून मला तीन वर्षं झाली. तुला सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. मी "असू दे" म्हणालो आणि फोन ठेवला. वाईट वाटलं, खूप वाटलं. आज दुकानात उभं राहून मी जिच्यासाठी एवढा विचार केला, ती विद्या तीन वर्षांपूर्वीची होती.

दुसऱ्या दिवशी मामांना कळवलं: पुढच्या थंडीत येतोय, पाट एकच मांडा.