बाबांच्या फाइलमधली प्रश्नचिन्हं

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेलेला. शेवटचे दोन महिने ते कोपरीच्या घरी लॅपटॉपवर मराठीत टाइप करून आमच्याशी बोलायचे. ते गेल्यावर मी त्या बोलण्याची फाइल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केली, मूळ प्रत ठेवली नाही. काहीतरी सूचना आली, मी न वाचता ओके दाबलं. नंतर उघडायचा धीरच झाला नाही.

परवा उघडली, तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं.

आज कल्याणला डीटीपी करणाऱ्या शिंदेकाकांकडे गेले.

"ताई, भलतीच अक्षरं दिसत असती ना, तर परत आणली असती," ते म्हणाले. "कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्यांत ठेवतो. पण तुम्ही सेव्ह केलं त्या प्रकारात मराठीला आकडेच नव्हते. मग त्याने प्रत्येक जागी प्रश्नचिन्हाचा आकडा लिहिला."

"म्हणजे काहीच उरलं नाही?"

"स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा उरल्यात. काना, उकार, अनुस्वार, सगळ्यांचं वेगळं प्रश्नचिन्ह पडतं. तेवढी लांबी कळते."

मी शेवटची ओळ बघितली. सहा प्रश्नचिन्हं, मग स्वल्पविराम. माझं नाव सुजाता. बोटांवर मोजलं, बरोबर सहा.

बाबांनी मला हाक मारलेली.

पुढे दोनच शब्द आहेत, पाच आणि दोन प्रश्नचिन्हांचे. 'काळजी घे' त्यात बसतं. 'जेवून घे' बसतं. 'दुखतं गं' पण बसतं.

तुम्ही काय वाचलं असतं?