ओपन जिमच्या दांडीला पंचमीचा झोका

परवा नागपंचमी झाली. सोनपेठला दिलेली माझी लेक शीतल लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी येणार होती. महिनाभर फोनवर तिचं एकच... आई, झोका आहे ना गं?

परभणीतल्या आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत मोठा लोखंडी झोका होता. पंचमीला सगळ्या लेकी तिथंच जमायच्या, म्हणून मी बिनधास्त हो म्हणून बसले.

मधे बहिणीकडे पालमला गेले होते. परत येऊन बघते तर झोका गायब, आणि त्या जागी चकचकीत ओपन जिम... मीटिंगमध्ये ठरलं म्हणे. मीटिंगला सगळे पुरुष, पंचमी तोंडावर आलीय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि हात वर करणाऱ्यांत आमचे हेसुद्धा!

चेअरमन कदमसाहेबांकडे गेले. ठराव झालाय, आता दिवाळीनंतरच्या मीटिंगला बघू, म्हणाले. घरी येऊन ह्यांच्याशी बोलणंच बंद केलं.

शीतल आली. खिडकीतून खाली बघितलं, आणि बॅग आवरायला आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला लय वाईट वाटलं.

पंचमीच्या दुपारी हे गुपचूप दोरखंड घेऊन खाली गेले. जिममध्ये लोंबकळायची उंच दांडी आहे, तिला झोका बांधला, वर वाकळेची घडी टाकली. बायका जमल्या तसे कदमसाहेबही आले... दांडी वाकेल, वॉरंटी जाईल, आधी सोडा म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या मागून त्यांची आई पुढं आली. पेडगावची म्हातारी, पदर खोचलेला.

"सर बाजूला. आदी मी बसते."

बसली की! आणि झोका द्यायला मागं कोण... तर कदमसाहेबच. कुणीही हसलं नाही, म्हणजे त्यांच्यासमोर तरी.

रात्री त्यांनीच ग्रुपवर टाकलं, झोका परत बसवण्यासाठी रविवारी मीटिंग, महिलांनी जरूर यावे. जाणार तर आहेच मी.

त्या दुपारी झोक्याला दांडी ठेंगणी पडली, म्हणून शीतल पाय दुमडून झोके घेत होती, अगदी पोटभर हसत होती. हे शेजारी उभे राहून दोरखंडाची गाठ चाचपत होते. तिथंच माझा राग गेला... ह्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही.