पाव फेऱ्याचा गुन्हा

मिस्त्रीपुढे कुलूप ठेवलं की तो आधी कुलपाची विचारपूस करतो, मग माणसाची. तीस वर्षं हाच धंदा. आपल्या देशात असताना पोलिसांनी त्याच्याकडे एका शिक्षकाच्या घराची दुसरी किल्ली करून मागितली. मिस्त्री म्हणाला, घराची किल्ली घरमालकाने मागायची असते. या एका वाक्यापायी त्याला अकरा महिने कोठडी पडली. सुटला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती आणि कोठडीचं दार आदळल्याचा आवाज डोक्यात कायमचा मुक्कामाला आला होता.

तो पळून या शहरात आला, आश्रयासाठी अर्ज केला आणि छळातून वाचलेल्या निर्वासितांना पुन्हा उभं करणाऱ्या केंद्रात जाऊ लागला. केंद्र झकास होतं. भिंतींना फिकट निळा रंग, कारण निळ्याने मन शांत होतं असं एका तज्ज्ञाने भरपूर फी घेऊन सांगितलं होतं. खुर्च्यांवर मऊ गाद्या, कोपऱ्यात छोटंसं कारंजं. आणि बसायच्या खोलीला पुढचं एक लोखंडी दार, जे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकामागे धाडकन आदळायचं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच.

दार आदळलं की अख्खी खोली दचकायची. दोन वर्षांपासून येणाऱ्या एक मावशी तर कानांवर हात दाबून जमिनीकडे बघत राहायच्या; पुन्हा मान वर करायला त्यांना दहा मिनिटं लागायची. आत समुपदेशक बाई तासभर श्वास घ्यायला शिकवून माणसाचं चित्त जाग्यावर आणायच्या, आणि बाहेर पडता पडता दार ते पुन्हा उधळून लावायचं. तक्रार केली की बाई वहीत लिहायच्या, 'आवाजाची भीती कायम.' दोष दारातही असू शकतो हे कुणाच्या गावीही नव्हतं, कारण कर्मचारी मंडळींची ये-जा मागच्या दाराने.

चार महिने मिस्त्रीने कळ काढली. मग एका मंगळवारी मावशींच्या हातातला पाण्याचा ग्लास पडून फुटला आणि त्याचं डोकं फिरलं. तो खुर्चीवर चढला आणि दार हळू मिटावं म्हणून वर जो लोखंडी हात बसवलेला असतो, त्याचा स्क्रू पाव फेरा आवळून खाली उतरला. दार मुकाट्याने मिटलं. मावशींनी ते तीनदा उघडून, सोडून पाहिलं.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण संचालकांना वार्षिक अहवालासाठी फोटो हवा होता, आणि खुर्चीवर चढलेल्या मिस्त्रीचा फोटो कुणीतरी काढून ठेवला होता. खाली ओळ छापली, 'लाभार्थीच घडवतात बदल.' अहवाल देखणा निघाला आणि आश्रय कचेरीतही पोचला. तिथल्या साहेबांनी चेहरा ओळखला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराला काम करायची मनाई असते. बिनपरवाना काम केल्याबद्दल अर्ज का फेटाळू नये, याचा खुलासा करा, असं पत्र आलं. फेटाळला म्हणजे परत पाठवणी, आणि परत तेच कोठडीचं दार. मिस्त्रीची रात्रीची झोप उडाली.

अशा वेळी संस्थेची अक्कल पाण्यासारखी धावते. संचालकांनी लिहून दिलं की ते काम नव्हतंच, उपचार होता. कचेरीने विचारलं, मग दार दुरुस्त झालं का? झालं असेल तर ते काम, झालं नसेल तर उपचार. साहेब स्वतः येऊन बघतील. संचालकांनी मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं आणि तुमच्याच भल्यासाठी तो स्क्रू परत सैल करून टाका, असं अगदी गोडीने समजावलं.

मिस्त्री पुन्हा खुर्चीवर चढला. खाली मावशी नव्या ग्लासातून पाणी पीत होत्या. त्याने स्क्रू ड्रायव्हर लावला, पण मनगट वळेना. त्याला भीतीही वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता. एक किल्ली केली नाही म्हणून बोटं गेली, आता एक स्क्रू सैल करत नाही म्हणून काय जाणार आहे, हे त्याला नीट ठाऊक होतं. तरी तो तसाच उतरला आणि आत जाऊन म्हणाला, "केला सैल." कुणी तपासायला आलं नाही. पुढच्या दाराने येतो कोण?

साहेब आले. संचालक आणि बाई स्वागताला समोर उभे होते. साहेबांच्या पाठीमागे दार मिटायला निघालं, हळू, अगदी हळू. मिस्त्रीला वाटलं, संपलं सगळं. बसायच्या खोलीत कुणाचं घोडं कुठे अडलंय हे सगळ्यांना माहीत असतं. मावशी उठल्या, दारापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून, त्यांनी ते आपटलं. साहेबांच्या हातातली फाइल खाली पडली. संचालकांनी सगळं पाहिलं आणि ते घाईघाईने कारंज्याकडे बघायला लागले.

"हे दार असंच आदळतं, साहेब," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षं सांगतोय आम्ही."

साहेबांनी कागद गोळा केले, घाम पुसला आणि लिहिलं, दार नादुरुस्त, उपयोगाचं काम झालेलं नाही, उपचार मान्य. ते निघाले तेव्हा दार त्यांच्यामागे आवाज न करता मिटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. दार नादुरुस्त असल्याची सही होऊन गेली होती.

मिस्त्री मावशींशेजारी येऊन बसला. भीती नाही का वाटली, एवढंच त्याने विचारलं.

"आज मीच आपटलं ना," मावशी म्हणाल्या. "आपण आपटल्यावर नाही वाटत रे भीती."

समुपदेशक बाईंनीही सगळं पाहिलं होतं. त्यांनी मावशींची वही उघडली आणि लिहिलं, 'चिडचिड वाढली आहे. सुधारणा नाही. सत्रं दुप्पट करावीत.'