गयाबाई आणि माझा सरडा

गयाबाईंच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तापमापक होता, पण तो त्यांनी कधी वाचला नाही. पिल्लांची नवी खेप आली की त्या हात पाठीमागे बांधून दारात उभ्या राहायच्या आणि दहा मिनिटं नुसत्या बघायच्या. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून बसली तर दिवा खाली घ्यायचा, भिंतीकडे पळाली तर वर. "काट्याला काय कळतंय सर? ज्याला ऊब पायजे त्यालाच इचारावं," म्हणायच्या.

बीडला कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा जवळच्या पाली गावात त्यांच्या शेडला लागूनच खोली घेतली. सोबत पुण्याहून आणलेला बिअर्डेड ड्रॅगन होता, म्हणजे गळ्याला काट्यांची दाढी असलेला हातभर लांब वाळवंटी सरडा. गावानं मला वेड्यात काढलं. गयाबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "ह्याला गार सोसतंय का?"

त्याच्या काचेच्या पेटीचा मला फार अभिमान होता. वर अतिनील किरणांची नळी, दोन्ही टोकांना उबेचे दिवे. कुठेही मोजा, अडतीस अंश. तरी सरडा चार दिवस अन्नाला शिवला नाही. मला वाटलं, थंडी वाजते. आणखी मोठा दिवा आणायच्या बेतात होतो.

गयाबाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "कावून असा तोंड वासून बसलाय ह्यो? तुमी लई शिकलेले सर, पर ह्याला पळायला जागा कुटं ठिवली? एक कोपरा गार लागतो की." हाताला पदर गुंडाळून त्यांनी एका टोकाचा दिवा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सरडा उरलेल्या दिव्याखाली पसरला, मग सावलीत गेला, मग त्यानं शेवग्याचा पाला खाल्ला. मी थोडा खट्टू झालो, हे कबूल करतो.

मग मी थर्मोस्टॅट आणला. पेटीतली ऊब मोजून तो दिवा आपोआप चालू-बंद करी. डिसेंबरात दोन दिवस लातूरला लग्नाला जाताना किल्ली गयाबाईंकडे दिली. "फक्त पाला टाका. यंत्राला हात लावू नका," असं बजावलं.

परत आलो तर दिवा बंद, वायर उपटलेली आणि सरडा गयाबाईंच्या मांडीवर ओल्या फडक्यात. माझं डोकंच फिरलं. ऐन थंडीत मारायचं होतं का त्याला, असं काहीबाही बोललो. ही कोंबडी नव्हे, हेही बोललो. त्यांनी सरडा माझ्या हातात दिला. "लई तापलं हुतं जनावर," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

पेटी आवरताना दिसलं. थर्मोस्टॅटची मोजणारी तार पाण्याच्या वाटीत पडली होती. यंत्र गार पाणी मोजत होतं, म्हणून दिवा विझतच नव्हता. गयाबाईंनी वायर उपटली नसती तर सरडा मेला असता.

सकाळी शेडवर गेलो. त्या पिल्लांसाठी तूस पसरत होत्या. मला लाज वाटत होती. "चुकलं माझं," म्हणालो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"खातंय का?"

"खातंय."

"मंग झालं."

मी पुढे चार वर्षं पालीत होतो. माझ्या खोलीत त्या पुन्हा आल्या नाहीत. वाटेत भेटल्या की सरडा कसा आहे ते विचारायच्या. मी कसा आहे, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.